पंचांचे चर्च आणि डॉ. विल्सन

वाणगावच्या फलाटावर पहाटेपासून गर्दी असते. भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, बोईसरच्या कारखान्यांत पाळीला निघालेले कामगार आणि मुंबईच्या कॉलेजांत शिकणारी मुले. यांतली काही मुले विरारला गाडी बदलून चर्नी रोडला उतरतात. स्टेशनातून बाहेर पडून चौपाटीच्या रस्त्याला लागले, की १८८९ साली पुरी झालेली विल्सन कॉलेजची दगडी इमारत दिसते. हा विल्सन कोण, असे त्या मुलांना विचारले तर बहुतेकजण कुणी गव्हर्नर असेल असे सांगतील. त्यात त्यांचा दोष नाही. मुंबईत ज्यांच्या नावाने इमारती उभ्या आहेत त्यांपैकी बरेचजण गव्हर्नरच होते.

डॉ. जॉन विल्सन गव्हर्नर नव्हते. ते स्कॉटलंडमधून आलेले मिशनरी होते, आणि गंमत अशी, की आज वाणगावची मुले ज्या वाटेने त्यांच्या नावाच्या कॉलेजात जातात, त्याच्या उलट वाटेने ते स्वतः या मुलांच्या पूर्वजांना भेटायला गेले होते. तेव्हा आगगाडी नव्हती. उत्तर कोकणातल्या जंगलपट्टीत फिरून त्यांनी वारली आणि कातोडी या दोन जमातींवर एक निबंध लिहिला. तो लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८४३ साली छापून आला. वारल्यांवर इतक्या आस्थेने आणि त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलून लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या लेखनांत त्याची गणना करावी लागते.

निबंधाचा मोठा भाग सवालजवाबाचा आहे. तुमचा देव कोण, या प्रश्नाला वारल्यांनी वाघ्याचे नाव सांगितले. त्याला आकार नाही, तो शेंदूर फासलेला दगड आहे, त्याला कोंबडे आणि बोकड देतो, तो वाघापासून राखतो, पीक देतो, रोगराई दूर ठेवतो, असे त्यांनी साधेपणाने सांगून टाकले. पुढचा भाग वाचून आजही हसू येते. देवाने एवढे घेऊनही संकट आणलेच, तर हे वारली त्याला सरळ जाब विचारत. कोंबडा दिला, बोकड दिला, तरी मारतोस, आता आणखी काय हवे, असा रोकडा सवाल. जो समाज देवालासुद्धा हिशेब मागतो, त्याच्याविषयी पंडिताने थोडा जास्त विचार करायला हवा होता. विल्सन यांनी ते टिपून ठेवले आणि ते पुढे गेले.

ज्या १८४३ साली हा निबंध छापला गेला, त्याच साली हिशेब मागण्याच्या अशाच एका भांडणात विल्सन यांनी स्वतः उडी घेतली. गावाचा धर्मगुरू गावाने निवडायचा की वरून जमीनदाराने आणि सरकारने नेमायचा, असे ते भांडण होते. स्कॉटलंडची राष्ट्रीय चर्चसंस्था त्यात उभी चिरली गेली. विल्सन यांचे आयुष्य नीट पाहिले, तर स्वराज्याची एक जुनी कल्पना आपल्या दारापर्यंत कशी आली आणि कुठल्या उंबरठ्यावर अडखळली, हे दोन्ही कळते.

लॉडरचा मुलगा

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी लॉडर या गावी झाला. लॉडर हे स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडचे लहानसे गाव. त्यांचे वडील अँड्र्यू शेतकरी होते आणि अनेक वर्षे गावच्या नगरसभेचे सभासद होते. हे गाव दिसायला साधे असले, तरी कायद्याच्या इतिहासात त्याला एक मानाचे पान मिळाले आहे. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सभासद असलेले सर हेन्री मेन यांनी १८७१ मध्ये पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या ग्रामसंस्थांवर पुस्तक लिहिले. हिंदुस्थानातल्या खेड्यांत जमीन सामाईक ठेवून ती कसण्याची जी जुनी रीत होती, तिचे युरोपात कुठे अवशेष सापडतात याचा शोध घेताना त्यांना लॉडर सापडले. तेथे १०५ खातेदारांच्या वाट्याच्या जमिनी होत्या आणि गावाभोवतीचा डोंगर सगळ्यांचा सामाईक होता. त्या डोंगराचा कोणता भाग यंदा नांगराखाली आणायचा, हे नगरसभा ठरवी. मग चिठ्ठ्या टाकून त्याचे वाटप होई आणि उरलेल्या भागात ठरलेल्या संख्येने गुरे चरत.

विल्सन अशा गावात वाढले. डोंगर कुणा एकाचा नाही, तो कसा वापरायचा हे बसून ठरवायचे, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. गावचे चर्चही त्याच पद्धतीने चाले. चौदाव्या वर्षी ते एडिंबरो विद्यापीठात गेले, धर्मशास्त्र शिकले, आणि १८२८ मध्ये लॉडरच्याच प्रेस्बिटेरीने त्यांना दीक्षा दिली. प्रेस्बिटेरी हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित वाटेल. तो समजून घेतल्याशिवाय विल्सन समजत नाहीत, म्हणून थोडे मागे जाऊ.

जिनिव्हाची पंचमंडळी

सोळाव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपातल्या चर्चची रचना उतरंडीसारखी होती. वर पोप, त्याखाली बिशप, त्याखाली गावचा पाद्री, आणि सर्वांत खाली ऐकणारा गावकरी. फ्रान्समध्ये १५०९ साली जन्मलेला जॉन कॅल्विन हा कायदा शिकलेला पंडित जिनिव्हा शहरात आला आणि १५४१ मध्ये त्याने तिथल्या चर्चसाठी नवी नियमावली तयार केली. तीत चार प्रकारचे अधिकारी होते : उपदेश करणारे पाळक, शिकवणारे आचार्य, शिस्त पाहणारे वडील आणि गोरगरिबांची व्यवस्था लावणारे सेवक. यांतले वडील हे पाद्री नव्हते. ते शहरातले गृहस्थ होते. पाळक आणि बारा वडील दर आठवड्याला एकत्र बसून मंडळीचा कारभार पाहात. बिशप हे पदच उरले नाही.

कॅल्विनला कुणी लोकशाहीचा जनक म्हटले, तर ते अतिशयोक्तीचे होईल. जिनिव्हाचे वडील शहराच्या सभांमधून निवडले जात, सर्व नागरिकांच्या मतांनी नव्हे. ही पंचमंडळी लोकांच्या नाचण्यावर, पत्ते खेळण्यावर, घरातल्या भांडणांवरही नजर ठेवी. मतभेदाची शिक्षा किती भयंकर असू शकते, हे १५५३ मध्ये मायकेल सर्व्हेटस या विद्वानाला जिवंत जाळले तेव्हा जगाने पाहिले. आपल्याकडच्या जातपंचायती ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना पंचांचा जाच काय असतो हे वेगळे सांगायला नको.

तरीही त्या रचनेत एक बीज होते. सामान्य गृहस्थ पाळकाच्या शेजारी बसून, त्याच्याइतक्याच अधिकाराने निर्णय घेतो, हे युरोपने फार दिवसांनी पाहिले. फ्रान्समधल्या कॅल्विनपंथी मंडळ्यांनी १५५९ मध्ये पॅरिसला गुप्तपणे सभा भरवून कोणत्याही एका मंडळीने दुसरीवर वर्चस्व गाजवू नये, असा नियमच केला. जिनिव्हात राहून गेलेला जॉन नॉक्स ही पद्धत घेऊन स्कॉटलंडला परतला आणि १५६० पासून तिथे तिने मूळ धरले. पुढे अँड्र्यू मेल्व्हिल याने तिला पक्की चौकट दिली.

ती चौकट अशी. गावात पाळक आणि वडील यांचे पंच. आसपासच्या गावांतले पाळक आणि प्रत्येक गावातला एक वडील मिळून प्रेस्बिटेरी. तिच्यावर प्रांताची सभा. आणि सर्वांवर दरवर्षी एडिंबरोला भरणारी महासभा. महासभेचा अध्यक्ष एका वर्षापुरता निवडायचा. वर्ष संपले की तो पुन्हा साधा पाळक. खालच्या सभेचा निर्णय पटला नाही तर वरच्या सभेकडे दाद मागता येई, आणि वरच्या सभेत खालचेच प्रतिनिधी बसलेले असत. आपल्या ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तीन पायऱ्या डोळ्यांसमोर आणल्या, तर ही रचना लगेच ध्यानात येते.

राजांना तिचा धोका लवकर कळला. स्कॉटलंडचा सहावा जेम्स पुढे इंग्लंडच्याही गादीवर बसला. बिशप गेले तर उद्या राजाही जाईल, हे त्याने पक्के ओळखले होते. त्याचा मुलगा पहिला चार्ल्स याने स्कॉटलंडवर इंग्रजी धर्तीची उपासना लादू पाहिली, तेव्हा १६३८ मध्ये लोकांनी एका राष्ट्रीय करारावर सह्या केल्या आणि पुढची युद्धे पेटली. त्या राजाचे शिर १६४९ मध्ये उडवले गेले. कॅल्विनच्याच विचारातून निघालेल्या, पण प्रत्येक मंडळीला संपूर्ण स्वतंत्र मानणाऱ्या इंग्रज लोकांचा एक गट १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेला आणि उतरण्याआधीच त्यांनी आपला कारभार आपण चालवण्याचा करार लिहिला. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा एकमेव कार्यरत धर्मोपदेशक जॉन विदरस्पून हा स्कॉटलंडमधून गेलेला प्रेस्बिटेरियन पाळक होता.

याचा अर्थ लोकशाही चर्चमधून जन्मली असा नव्हे. ग्रीक नगरराज्ये, रोमन कायदा, व्यापारी शहरांच्या सनदा, इंग्लंडची पार्लमेंट, ज्ञानयुगाचे तत्त्वज्ञान, अशा अनेक ओढ्यांचे पाणी त्या नदीत आहे. पण पुस्तकातला विचार आणि हाताला पडलेले वळण यांत फरक असतो. शेतकरी, विणकर आणि दुकानदार यांना सभेत बसायचे, मत द्यायचे, हरलो तरी उठून न जाता पुढच्या सभेत पुन्हा मांडायचे, इतिवृत्त लिहायचे, हे वळण दोनशे-तीनशे वर्षे या गावपंचांनी लावले. स्वराज्याला सर्वांत जास्त गरज या वळणाची असते.

मुंबईतली सुरुवात

पत्नी मार्गारेट बेन यांच्यासह विल्सन फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरले. मराठी शिकण्यासाठी प्रथम हर्णै-बाणकोटच्या बाजूला राहिले. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, संस्कृत, फारसी अशा भाषा त्यांनी आत्मसात केल्या. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. त्या काळी हे धाडसच होते. त्या १८३५ मध्ये मुंबईतच वारल्या. मुलांसाठी १८३२ मध्ये सुरू झालेल्या इंग्रजी शाळेतून आजचे विल्सन कॉलेज वाढले.

विल्सन वादविवादाचे भोक्ते होते. मोरभट दांडेकर यांच्याशी १८३१ मध्ये त्यांचा मुंबईत जाहीर वाद झाला. दांडेकरांनी हिंदुधर्मस्थापना हा ग्रंथ लिहिला, विल्सन यांनी त्यावर उत्तर छापले, साताऱ्याहून नारायणराव यांनी त्याला प्रत्युत्तर दिले, विल्सन यांनी पुन्हा लिहिले. आज त्यातली भाषा बोचते. हिंदू आणि पारशी धर्मांवर त्यांनी केलेली टीका कठोर होती आणि तिच्यात आपलेच खरे मानण्याचा मिशनरी ताठा होता. परंतु कोणत्याही पक्षाला लोकांसमोर उभे राहून, छापून, खुलेपणाने उत्तर देता येते, ही सवय मुंबईच्या सार्वजनिक जीवनाला लागत होती, तिच्यात या वादांचाही हातभार आहे.

त्याच १८३१ साली त्यांनी मुंबईत मूठभर एतद्देशीय ख्रिस्ती लोकांची प्रेस्बिटेरियन पद्धतीची मंडळी स्थापन केली. पुढे मराठी ख्रिस्ती समाजात पाळक, वडील, मंडळी, पंच हे शब्द घरच्यासारखे झाले. यातला पंच हा शब्द तर आपल्या मातीतलाच. परदेशी रचनेला तो चपखल बसला, कारण कल्पना इथल्या लोकांना अगदी अनोळखी नव्हती.

एकीकडे त्यांचे संशोधन चालू होते. गिरनारच्या अशोकशिलालेखाचे ठसे जेम्स प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोहोचवण्यात त्यांचा वाटा होता. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते १८३५ मध्ये अध्यक्ष झाले. लेण्यांवर, पारशी धर्मावर, जातिसंस्थेवर त्यांनी लिहिले. आणि १८३९ मध्ये एका प्रकरणाने मुंबई ढवळून निघाली. धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजाने कोर्टात धाव घेतली. तरुण आपल्या मर्जीने वागत आहेत, असा निर्वाळा कोर्टाने दिला. पारशी मुले शाळेतून बाहेर पडली, शाळा ओस पडली. विल्सन डगमगले नाहीत.

वरून आलेला पाळक

स्कॉटलंडच्या चर्चरचनेत एक जुनी खोच होती. इंग्लंडच्या पार्लमेंटशी जोडले गेल्यानंतर १७१२ च्या कायद्याने गावचा पाळक नेमण्याचा हक्क जमीनदार, सरदार किंवा सरकार यांच्याकडे गेला. पंच गावाने निवडायचे, पण पाळक वाड्यावरून यायचा. महासभेने १८३४ मध्ये ठराव केला, की गावातल्या बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नकार दिला तर असा पाळक नेमू नये. त्याच साली ऑखटरार्डर गावात या ठरावाची कसोटी लागली. जमीनदाराने सुचवलेल्या पाळकाच्या बाजूने फक्त दोघा गावकऱ्यांनी सही केली. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८० हून अधिक लोकांनी नकार नोंदवला. प्रकरण कोर्टात गेले. एडिंबरोच्या न्यायालयाने आणि १८३९ मध्ये लंडनच्या लॉर्डांच्या सभेने निकाल जमीनदाराच्या बाजूने दिला.

दहा वर्षांच्या भांडणानंतर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोला महासभा भरली. मावळत्या अध्यक्षाने निषेधाचा कागद वाचून मेजावर ठेवला, सरकारी प्रतिनिधीला नमस्कार केला आणि तो दाराकडे चालू लागला. त्याच्यामागून थॉमस चामर्स आणि इतर पाळक व वडील रांगेने बाहेर पडले. सुमारे बाराशे पाळकांपैकी ४७४ जणांनी सरकारमान्य चर्च सोडले. चर्च सोडले म्हणजे पगार सोडला, राहते घर सोडले, देऊळ सोडले. कित्येक जमीनदारांनी नव्या चर्चला इमारतीसाठी जागा नाकारली. तेव्हा लोकांनी रानात, समुद्रकाठी उपासना केली. एका गावाने तर जमीन मिळेना म्हणून लोखंडी तरंगते चर्च बांधून ते खाडीत नांगरले.

विल्सन तेव्हा प्रवासात होते. धनजीभाईंना बरोबर घेऊन त्यांनी जानेवारी १८४३ मध्ये मुंबई सोडली होती आणि मिसर, सिनाई, पॅलेस्टाइन अशी वाट धरली होती. त्यांनी स्वतंत्र चर्चची बाजू घेतली. हिंदुस्थानातल्या सगळ्याच स्कॉटिश मिशनऱ्यांनी तेच केले. त्याचा परिणाम मुंबईत तत्काळ दिसला. वर्गणी जमवून उभी राहात असलेली शाळेची इमारत, ग्रंथालय, उपकरणे, सर्व काही जुन्या चर्चच्या मालकीचे ठरले. चौदा वर्षांचा संसार सोडून भाड्याच्या जागेत पुन्हा पाटी-पेन्सिलीपासून सुरुवात करावी लागली. गावाच्या निवडीच्या हक्कासाठी त्यांनी ही किंमत मोजली. त्यांची मते कुणाला पटोत न पटोत, हा त्याग खोटा नव्हता.

तत्त्व मोठे, माणूस लहान

आता दुसरी बाजू. ज्या तत्त्वासाठी स्कॉटलंडमध्ये घरदार सोडले, ते तत्त्व हिंदुस्थानात कुठवर लागू करायचे? सभेच्या पातळीवर सुरुवात चांगली झाली. धनजीभाई एडिंबरोला शिकून १८४६ मध्ये पाळक झाले. नारायण शेषाद्री १८५४ मध्ये, बाबा पदमनजी १८६७ मध्ये पाळक झाले. प्रेस्बिटेरीच्या बैठकीत पारशी घरातून आलेला पाळक, ब्राह्मण घरातून आलेला पाळक आणि स्कॉटिश पाळक समान मताने बसत. इंग्रजी राज्यात गोऱ्या-काळ्यांना बरोबरीचे मत असलेल्या सभा तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या.

पण मिशनचा पैसा, नेमणुका आणि संस्था यांचा कारभार प्रेस्बिटेरीकडे नव्हता. तो मिशनच्या वेगळ्या मंडळाकडे होता आणि तिथे गोरे मिशनरी बसत. बंगालमध्ये लालबिहारी डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५० च्या दशकात याच मुद्द्यावर आवाज उठवला. आम्ही त्याच चर्चचे दीक्षित पाळक असू, तर त्या मंडळात आम्हाला जागा का नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १८४३ मध्ये पाळक निवडण्याच्या हक्कासाठी बाहेर पडलेल्या अलेक्झांडर डफ यांनीच त्यांना नकार दिला. ज्यांनी वाड्यावरून आलेला पाळक नाकारला, तेच इथे वाड्यावर जाऊन बसले होते.

विल्सन यांचीही राजकीय दृष्टी याच मर्यादेत राहिली. इंग्रजी राज्य हे त्यांना ईश्वरी योजना वाटे. १८५७ च्या उठावात पकडलेली गुप्त पत्रे उलगडून वाचण्यासाठी सरकारने त्यांच्या भाषाज्ञानाची मदत घेतली आणि त्यांनी ती दिली. गावाला पाळक निवडण्याचा हक्क आहे, पण देशाला राज्यकर्ता निवडण्याचा आहे का, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवल्याचे दिसत नाही.

मात्र तत्त्व एकदा बोलून दाखवले, की ते बोलणाऱ्याच्या ताब्यात राहात नाही. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४० च्या दशकात एक माळ्याचा मुलगा शिकत होता. जोतिराव फुले यांनी पुढे धर्मांतर केले नाही आणि थॉमस पेनसारख्या चर्चविरोधी लेखकाकडूनही पुष्कळ घेतले. त्यांचा विचार हा त्यांचाच होता. पण देव आणि माणूस यांच्यामध्ये जन्माने ठरलेला दलाल नको, आपली धर्मकार्ये आपण करू, आपले पदाधिकारी आपण निवडू, हे सांगणारा सत्यशोधक समाज त्यांनी १८७३ मध्ये स्थापन केला. पंच निवडून चालणारी मंडळी त्यांनी शाळकरी वयात जवळून पाहिली होती, एवढे म्हणायला हरकत नाही.

याच सुमारास एक उलटे उदाहरणही घडले होते. नारायण शेषाद्री यांचा धाकटा भाऊ श्रीपाद हा बारा वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा १८४३ मध्ये मिशनमध्ये गेला. कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्याचे ब्रह्मवृंद महिनोन्‌महिने झगडले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी रोष पत्करला. पंच दोन्हीकडे होते. फरक एवढाच, की एकीकडचे पंच निवडून येत होते आणि दुसरीकडचे जन्माने. पंच असणे म्हणजे स्वराज्य नव्हे. पंचांना कोण निवडतो आणि त्यांना जाब कोण विचारू शकतो, यावर ते ठरते.

विल्सन यांचा उत्तरकाळ मानसन्मानाचा गेला. ते १८६८ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८७० मध्ये स्वतंत्र चर्चच्या महासभेने त्यांना एडिंबरोला अध्यक्ष निवडले. नियमाप्रमाणे वर्षभराने ते पद सोडून ते पुन्हा मुंबईला, आपल्या कामावर परतले. पाळक लादणारा तो जुना कायदा पार्लमेंटने १८७४ मध्ये रद्द केला, हे त्यांना पाहायला मिळाले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. मुंबई इलाख्यातल्या आदिवासींवरचे त्यांचे अपुरे लेखन त्यांच्या मागे, १८७६ मध्ये छापले गेले. अखेरपर्यंत ही माणसे त्यांच्या मनात होती, एवढे त्यावरून कळते.

लॉडरचा डोंगर आणि वारल्यांचे रान

आपण पुन्हा वाणगावला येऊ. विल्सन यांनी वारल्यांना देवाविषयी विचारले. त्यांना एक प्रश्न विचारायचा राहून गेला, आणि लॉडरच्या मुलाने तो विचारायला हवा होता. हे रान कुणाचे आहे आणि ते कसे वापरायचे हे कोण ठरवते? विल्सन यांच्या गावी डोंगर सामाईक राहिला, कारण नगरसभेकडे सनद होती. वारल्यांकडे कागद नव्हता. त्यांचे रान १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारी खात्याच्या मुठीत गेले, आणि शेतजमीन सावकार-जमीनदारांच्या. ज्यांची जमीन होती ते त्याच जमिनीवर वेठीला लागले.

ही वेठ मोडायला मिशनरी आले नाहीत आणि इंग्रजांचे सरकारही आले नाही. मे १८४५ मध्ये नव्हे, त्यानंतर पुरी शंभर वर्षे उलटल्यावर, मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची प्रचंड सभा भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठबिगार नाकारली. त्याच साली ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली, पण लोक मागे हटले नाहीत. देवाला जाब विचारणारी माणसे जमीनदाराला जाब विचारायला शिकली. झरीच्या सभेत कॅल्विनचे नाव कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. स्वराज्याला एकच उगम नसतो, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

स्वतंत्र भारतात कायद्याने पुढचे पाऊल टाकले. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा पेसा कायदा १९९६ मध्ये झाला आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके त्यात येतात. या नियमांनी एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता येते. गौण वनोपज, गावचे पाणी, विकासकामांची निवड यांत ग्रामसभेचा शब्द आहे आणि भूसंपादनाआधी तिला विचारायचे आहे. लॉडरच्या नगरसभेपाशी जे होते, त्यातले बरेचसे आता कागदावर वारल्यांच्या पाड्यापाशी आले आहे.

पण विचारायचे म्हणजे नक्की काय करायचे? ऑखटरार्डरच्या गावकऱ्यांनाही विचारलेच होते. त्यांनी नाही म्हटले, आणि कोर्टाने सांगितले, की तुमचे नाही म्हणणे ऐकून घेण्यापुरते आहे, बांधून घेण्यापुरते नाही. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराला केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली. सत्तर हजार कोटींहून मोठा हा प्रकल्प आहे. त्याच्या बाजूने रोजगाराचे आणि व्यापाराचे मुद्दे आहेत. मच्छीमारांचे, बागायतदारांचे आणि आदिवासींचे आक्षेपही वर्षानुवर्षे मांडले गेले आहेत. बंदर व्हावे की न व्हावे, हा या लेखाचा विषय नाही. ग्रामसभेचा होकार किंवा नकार मोजला जातो की नुसता नोंदला जातो, हा मात्र विषय आहे, आणि तो १८४३ इतकाच आजचा आहे.

दुसरा प्रश्न आपल्याच घरातला आहे. ग्रामसभेला बसतो कोण? कोरम भरत नाही म्हणून तहकूब झालेल्या सभा, आधीच लिहून आणलेली इतिवृत्ते, कोपऱ्यात गप्प बसलेल्या बाया, हे चित्र गावोगावी दिसते. हक्क कायद्याने एका दिवसात मिळतो. वळण मात्र पिढ्यान्‌पिढ्या बसून, भांडून, हरून, पुन्हा येऊन लागते. स्कॉटलंडच्या गावपंचांकडून घेण्यासारखे काही असेल तर ते धर्मशास्त्र नव्हे, ही चिकाटी आहे.

विल्सन यांच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचे वारसदार आणि डहाणूच्या बाजूला विसाव्या शतकात अमेरिकन ब्रदरन मिशनने उभ्या केलेल्या मंडळ्या १९७० मध्ये उत्तर भारताच्या एकाच चर्चमध्ये सामील झाल्या. त्या चर्चला बिशपही आहेत आणि निवडलेल्या सभाही. नॉक्स आणि मेल्व्हिल यांना हे पाहून काय वाटले असते कुणास ठाऊक! इतिहास असाच तडजोडी करीत पुढे जातो.

वाणगावची मुले संध्याकाळी चर्नी रोडहून परतीची गाडी धरतात. त्यांतली एखादी मुलगी उद्या आपल्या पाड्याच्या ग्रामसभेत उभी राहून, कोंबडा दिला, बोकड दिला, आता हिशेब द्या, असे ठणकावून म्हणाली, तर तिच्या पणजोबांनी विल्सन यांच्यासमोर सांगितलेली रीतच ती पुढे चालवत असेल. आणि ज्यांच्या नावाच्या कॉलेजात ती शिकली, त्यांचा अर्धा राहिलेला धडाही.